मागच्या सीटवरचं वजन

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी उभी हयात गिअरची ड्रॉइंगं काढली. काढली म्हणजे काय, जुन्या ड्रॉइंगवरची तारीख बदलली. एखाद्या गिअरची जाडी एक मिलिमीटरने कमी केली की साहेब खूश. गिऱ्हाइकाची तक्रार आली की ती पुन्हा एक मिलिमीटरने वाढवायची. याला आमच्याकडे संशोधन म्हणत, आणि त्याबद्दल दरवर्षी एक बॅग किंवा थर्मास मिळे. माझ्याकडे सहा थर्मास आहेत.

मी कमी बोलतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलत नाही, लग्नाकार्यात बोलत नाही, घरात तर प्रश्नच नाही. लोक याला सुस्वभावी म्हणतात आणि मी कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. गप्प बसणाऱ्याला लोक फुकटात चांगला समजतात. हा फायदा मी पन्नाशी उलटेपर्यंत पुरेपूर घेतला. आता जे सांगणार आहे त्यातही माझं गप्प बसणंच आहे. आणि जिथे बोललो, तिथे नको ते.

माझा मित्र ठाण्यातल्या बाळकुमचा. मूळचा, म्हणजे टॉवर उगवायच्या आधीचा. पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर बसायचो. पहिल्याच वर्षी तो नापास होऊन घरी बसला, मी फर्स्ट क्लास मिळवून नोकरीला लागलो. आज त्याच्या जमिनीवर तीन टॉवर उभे आहेत आणि माझा डोंबिवली पूर्वेला वन बीएचके आहे. मुलांना शिक्षणाचं महत्त्व समजावून सांगताना मी हे उदाहरण टाळतो. मी त्याला शेठ म्हणतो, तो मला इंजिनेर. दोघांतला एक खरोखर तसा आहे.

शेठने एक गाडी घेतली. लाल, परदेशी, दोन दारांची, आमच्या लग्नांइतकी जुनी स्पोर्ट्स कार. पुढे दोन सीट आणि मागे एक आखूड बाकडं. बनवणाऱ्यांच्या मते त्यावर दोन मुलं बसतात. आमच्या हिशेबाने तिथे दीड माणूस बसायचा. एक म्हणजे शेठचे वडील, आबा. उरलेल्या अर्ध्यात आबांची काठी, टोपी आणि पाण्याची बाटली.

आबांनी तरुणपणी खाडीकडच्या मिठागरात मीठ ओढलं, गोण्या वाहिल्या. आता त्यांना काम नव्हतं, फक्त रविवार होता. रविवारी संध्याकाळी टोपी घालून ते गाडीपाशी येऊन उभे राहायचे. शेठ पुढची सीट वाकवायचा, मी मागून हात द्यायचो, आणि आबांना आत बसवण्याचा कार्यक्रम सुरू व्हायचा. आधी काठी, मग एक पाय, मग थोडी विश्रांती, मग आबा. मी एकदा म्हटलं, "आबा, पुढे बसा ना, ऐसपैस."

"पुढं डायवर बसतो आन् क्लीनर," आबा म्हणाले. "मागं बसतो तो शेठ."

मग गाडी खाडीच्या काठाला जायची. तिथे बघण्यासारखं काय? चिखल, खारफुटी आणि पलीकडे नव्या इमारतींच्या क्रेन. आबा मागची छोटी काच खाली करून काठीने दाखवायचे, "तिथं आमचा आगर व्हता." तिथे आता काही नसायचं. पण ते दर रविवारी दाखवायचे, शेठ दर रविवारी "हो का?" म्हणायचा, आणि दोघं खूश होऊन घरी यायचे. बापलेकांत याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही. याहून जास्त लागतं असंही मला वाटत नाही.

एवढं चांगलं चाललेलं असताना शेठला शर्यतीचा नाद लागला. शीळफाट्याच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर महिन्यातून एका रविवारी सकाळी पैसेवाले लोक जमतात, प्लास्टिकचे शंकू मांडतात आणि त्यांच्याभोवती गाड्या फिरवतात. जिथून निघाला तिथेच सगळ्यात लवकर परत आलेला माणूस जिंकतो. शेठ शेवटून पहिला यायचा.

"वळणावर गाडी सरळच जाते रे," तो म्हणाला. "स्टेअरिंग फिरवतो, पण तिचं आपलं नाक समोर."

इथे मी बोललो. सलग अर्धा तास बोललो. माझ्या बायकोने ऐकलं असतं तर विचारलं असतं, हा गृहस्थ कोण? मी सांगितलं की इंजिन पुढे, त्याला चिकटून गिअरबॉक्सही पुढे, म्हणून गाडीचं वजन नाकावर पडतं. तोच गिअरबॉक्स तिथून काढून मागच्या चाकांजवळ बसवला, आणि इंजिनपासून तिथपर्यंत एक लांब शाफ्ट नेला, तर पुढचं-मागचं वजन सारखं होतं. मोठमोठ्या स्पोर्ट्स गाड्यांत असंच असतं. पन्नास-पन्नास. हा आकडा मी असा उच्चारला की शेठने नकळत हात जोडले असते.

"मागची सीट?" त्याने विचारलं.

"काढावी लागेल. गिअरबॉक्स तिथेच येतो."

"आणि आबा?"

"तुझ्याकडे ती दुसरी मोठी गाडी आहे की. तिच्यात आबा झोपूनही जातील."

असा बदल केलेली गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येत नाही, मैदानापर्यंतही टोइंग करून न्यावी लागते, हेही मी सांगितलं. जेवणं उरकल्यावर मीठ कमी होतं का विचारतात, तेवढ्याच तळमळीने.

शेठ नापास झालेला असला तरी मूर्ख नव्हता. म्हणाला, "आधी वजन कर. गाडी खरंच पुढून जड निघाली तर करू. नायतर मी आबांची सीट काढणार नाय. सांगून ठेवतो."

म्हणजे सगळं त्या एका मोजणीवर होतं.

पुढच्या रविवारी बाळकुमच्या भंगारवाल्याकडून चार काटे आणले आणि शेठच्या अंगणात चारही चाकांखाली एकेक ठेवला. वहिनींनी, म्हणजे शेठच्या बायकोने, गाडीला हळदकुंकू लावलं, कारण काट्यावर का होईना, गाडी कुठेतरी चढत होती. मी आकडे घेतले. रिकाम्या गाडीचं वजन पुढे त्रेपन्न टक्के, मागे सत्तेचाळीस. फार नाही, पण माझ्या कामापुरतं होतं. एवढ्यात शेठला बिल्डरचा फोन आला आणि तो बोलत बोलत फाटकाबाहेर गेला.

तेव्हा आबा आले. डोक्यावर टोपी, हातात काठी. रविवारची संध्याकाळ होती, त्यांच्या दृष्टीने गाडी तयार उभी होती. मी सवयीने सीट वाकवली, हात दिला. काठी, पाय, विश्रांती, आबा. आत स्थिरावून त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "काय रं, माझी तुला करतोस काय? गूळ कुठं हाय?"

काट्यांवरचे आकडे हलले, थरथरले आणि थांबले. मी बेरीज केली. पुन्हा केली. पुढे जेवढं, मागे तेवढंच.

आयुष्यभर ज्या आकड्यासाठी मी झुरलो तो समोर होता. न तोडता, न जोडता, टोपी घालून मागच्या सीटवर बसलेला. आबा बसले की गाडीचा तोल बरोबर. आबा उतरले की गेला. आणि शर्यतीच्या दिवशी आबांना न्यायचं नसेल तर त्यांच्या जागी मिठाची एक गोणी बांधली असती तरी भागलं असतं. हे मला तिथेच, त्याच क्षणी कळलं. अशा गोष्टी मला कळतात, पगार त्याचाच होता.

पण मग माझा गिअरबॉक्स कुठे गेला? तो लांब शाफ्ट, ते नवे ब्रॅकेट, रात्री डोळे मिटले की मला दिसणारं ते ड्रॉइंग? जन्मात पहिल्यांदा तारीख बदलण्यापलीकडचं काही करायला मिळत होतं, आणि त्याची बरोबरी एक गोणी करत होती.

"आबा," मी म्हटलं, "जरा उतरता का? तुम्ही बसलात की वजन चुकतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मंजे, माझ्यानं गाडी वाकडी व्हते?"

"थोडी," मी म्हणालो.

हे 'थोडी' कुठून आलं, मला माहीत नाही. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी ते उतरले असते. समजूतदार माणूस होता. पण मला वाटलं, 'थोडी' म्हटलं की जरा कमी खोटं होतं.

ते उतरले. चढताना लागायची ती विश्रांतीसुद्धा त्यांनी घेतली नाही. शेठ परत आला, म्हणाला, "काय निघालं?" मी रिकाम्या गाडीचे आकडे सांगितले.

"म्हणजे पुढून जड आहेच."

"आहे."

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. दोन खऱ्या गोष्टींतली मी एक निवडली, एवढंच. ही कला मला कारखान्याने शिकवली.

मग काम सुरू झालं. दर शनिवार-रविवार मी डोंबिवलीहून स्कूटरने निघायचो, शीळफाट्याच्या गर्दीत ट्रेलरांच्या मध्ये उभा राहून धूर प्यायचो आणि बाळकुमला पोचायचो. बायको विचारायची, "आज कुठे?"

"गिअरबॉक्स."

"घरातला मिक्सर महिनाभर बंद आहे. त्यात गिअरबॉक्स नसतो वाटतं?"

शेठने दोन मेकॅनिक दिलेले. मागचं बाकडं काढलं, खालचा पत्रा कापला, शाफ्ट बनवून घेतला. आबांच्या जागी गिअरबॉक्स बसला. वजनाला तो जवळजवळ आबांइतकाच होता. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. गिअर टाकायचा दांडा पुढे आणि पेटी मागे, मध्ये लांबच लांब सळई. त्यामुळे सुरुवातीला दुसरा टाकला की चौथा पडायचा. शेठ म्हणाला, "इंजिनेर, ही गाडी आपल्या नगरसेवकासारखी झाली. सांगतो एक, करते एक."

तेही सुधारलं. काटे पुन्हा आणले. पन्नास-पन्नास. शेठने पेढे वाटले. मैदानावर गाडी वळली, खरंच छान वळली, आणि शेठ शेवटून तिसरा आला. विज्ञानाचा विजय असाच हळूहळू होतो.

त्यानंतर मी बाळकुमला जाणं कमी केलं. कामं होती, असं सांगायचो. गणपतीत मात्र जावंच लागलं.

अंगणातून आत शिरतो तर ओटीवर, भिंतीला टेकून, गाडीचं ते मागचं बाकडं. त्याच्या मधोमध नाही, एका कडेला आबा बसलेले. उरलेल्या अर्ध्यात काठी आणि बाटली. तोंड रस्त्याकडे. अंगाने बरेच उतरलेले दिसले.

वहिनींनी मोदकांची ताटली माझ्यापुढे ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. बापलेक बोलत नाहीत. मध्ये मी. 'सांग तुझ्या नवऱ्याला', 'सांग तुझ्या सासऱ्याला'."

"का?"

"आबा गाडीत बसत नाहीत. ती नाही, कुठल्याच गाडीत. मोठी गाडी दारात उभी केली, मागची अख्खी सीट दिली, तरी नाही. खाडीवर गेलेच नाहीत तेव्हापासून. डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षा लागते. यांना वाटतं सीट काढली म्हणून राग धरलाय."

शेठ आतून आलाच. "बघ ना. एका बाकड्यासाठी! माणसाने किती डूख धरावा? बाप आहे म्हणून काय झालं?" हे तो मला सांगत होता, पण ओटीपर्यंत जाईल अशा आवाजात.

ओटीवरून उत्तर आलं. तेही मलाच उद्देशून. "सांग त्याला. बाकड्याचा राग नाय. गाडी त्याची म्हागाची. मी बसलो आन् वाकडी झाली तर?"

"वाकडी?" शेठ म्हणाला. "गाडी वाकडी कशाला होईल?"

"त्ये इंजिनेरला विचार. त्याला म्हाईत हाय."

"आणि रिक्षात बसता ते?"

"रिक्षा परक्याची," आबा म्हणाले. "झाली वाकडी तर झाली."

माझ्या एका 'थोडी'चं एवढं पीक आलं होतं. आबांनी तो शब्द घेतला, जपून ठेवला आणि त्याच्या जोरावर मुलाची महागाची गाडी वाचवत बसले. मुलगा समजला, बाप रुसला. बापाला वाटलं, मुलगा आपल्याला टाळतो, आणि तेही रास्तच आहे. मधलं माहीत असलेला माणूस मोदकांसमोर बसलेला होता. नेहमीप्रमाणे गप्प राहिलो असतो तर सगळ्यांनी मला सुस्वभावी म्हणून आणखी एक मोदक वाढला असता.

"शेठ, एक सांगायचं होतं."

"सांग ना. नोकरी गेली काय?"

"त्या दिवशी वजन करताना आबा गाडीत बसलेले. तू फोनवर होतास."

"मग?"

"तेव्हा वजन बरोबर आलेलं. पुढे-मागे सारखं."

शेठ माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे, आबा बसले की..."

"पन्नास-पन्नास. मीच त्यांना उतरवलं. तुमच्यामुळे वजन चुकतं, असं सांगून."

"आणि शर्यतीला? तिथे काय आबांना घेऊन फिरलो असतो?"

आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मिठाची एक गोणी बांधली असती तरी चाललं असतं. पन्नास किलोची."

"गोणी," शेठ म्हणाला. मग आवाज चढला. "या माणसाने जन्मभर गोण्या वाहिल्या रे मिठाच्या! आणि मी त्याला उतरवून लोखंडाची पेटी बसवली? सहा महिने माझ्या घरी येऊन जेवलास. गोणी एवढा शब्द बोलायला तोंड नव्हतं तुला?"

"होतं. मला गिअरबॉक्स बसवायचा होता."

हे खरं कारण होतं. इतकं साधं कारण ऐकून शेठला आणखीच राग आला. काहीतरी मोठं, गुंतागुंतीचं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मलाही.

ओटीवर काठी आपटली. "मंजे, माझ्यानं वाकडी व्हत नाय?"

"नाही आबा," मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "तुमच्यामुळे सरळ होते. मी खोटं बोललो."

आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मुलाकडे वळून, गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलले. "आन् ह्याला तू इंजिनेर बोलतोस?"

वहिनी आल्या, माझ्यापुढची मोदकांची ताटली उचलली आणि आत घेऊन गेल्या. मी एकही खाल्लेला नव्हता. पुढे या घरात मला बरंच काही ऐकवलं गेलं, पण नेमकी शिक्षा ती.

फाटकापर्यंत शेठ सोडायला आला. म्हणाला, "दिवाळीच्या आत गिअरबॉक्स पुढे आला पाहिजे. तुम्ही स्वतः करा. मेकॅनिक मिळणार नाहीत, इंजिनेरसाहेब." अरे-तुरेवरून तो अहो-जाहोवर आला. मला वाटतं त्याने कानाखाली दिली असती तर मी जास्त सुखाने घरी गेलो असतो.

शनिवार-रविवारची स्कूटर पुन्हा सुरू झाली. जोडताना जे काम रसिकतेने केलेलं ते उलटं करताना फार कंटाळवाणं असतं. कापलेला पत्रा पुन्हा जोडला, शाफ्ट काढला, गिअरबॉक्स इंजिनाला नेऊन चिकटवला. आबा ओटीवरून बघायचे. एकदा म्हणाले, "सावकाश. मना कुठं जायचंय?" हे धीर देणं होतं की टोमणा, मी अजून ठरवलेलं नाही. शेठ "चहा घेता का?" एवढंच विचारायचा. तो 'घेता' मला दरवेळी लागायचा. शेवटी बाकडंही ओटीवरून उचलून परत गाडीत बसवलं आणि आरटीओच्या कागदावर होती तशी गाडी पुन्हा झाली. मिक्सरही दुरुस्त केला, सांगून ठेवतो.

मग आबा म्हणाले, "आथा परत काट्यावर घाल. माझ्या पोरासमोर घाल."

चार काटे आले. भंगारवाल्याने विचारलं, आता काय राहिलं वजन करायचं? शेठ काट्यांच्या बाजूला हाताची घडी घालून उभा. काठी, पाय, विश्रांती, आबा. मी आकडे बघितले, बेरीज केली. पन्नास-पन्नास नव्हतं. पुढचं वजन थोडं जास्त होतं. आबा बारीक झाले होते, आणि ते का, हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं.

'बरोबर आलं' म्हणायला काय जात होतं? सगळे खूश झाले असते. मी म्हणालो, "थोडं पुढून जड आहे. आबांचं वजन कमी झालंय."

शेठने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "आबा, जेवत नाय काय तुम्ही?"

"तू बोलत नवता, मंग कोनासंगं जेवू?"

शेठ खाली बघत एकेक करून काटे बाजूला करायला लागला. मीही हात लावला. गाडी जमिनीवर आली, शेठ स्टेअरिंगवर बसला. मी फाटकाकडे निघालो, कारण मला कुणी बोलावलेलं नव्हतं. शेठ समोर बघत म्हणाला, "बसा पुढे. खाडीवर जाऊन येऊ."

मी पुढच्या सीटला हात लावला तर मागून काठी पुढे आली आणि आडवी राहिली.

"पुढं नको. पुढं आदीच जड हाय, तूच बोलला ना? मागं ये."

"आबा, मागे जागा कुठे आहे?"

आबांनी बाटली उचलून पुढच्या सीटवर टाकली. "अर्धा मानूस मावतो इथं. बस."

मी आत शिरलो. गुडघे हनुवटीला लागले, आबांची काठी माझ्या मांडीवर, त्यांचा कोपर माझ्या बरगडीत. मनातल्या मनात मी बेरीज केली. करू नये असं ठरवलं होतं, पण सवय. मग म्हटलं, आता लपवायचं नाही.

"शेठ, आता मागे जास्त झालं वजन."

शेठने गाडी पहिल्यात टाकली. पहिलाच पडला. "गप बस रे," तो म्हणाला.

आबांनी काच खाली केली.